आरशावरची वाफ

रविवार, ८ फेब्रुवारी

मुके,

पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या दारात ठाण मांडून बसले होते, दिला नसता तर रात्रीचं जेवायला घालावं लागलं असतं.

नऊ वर्षांत मी तुला ओळ लिहिली नाही, तूही नाही. ते आता उगाळत बसत नाही. काम आहे म्हणून लिहिते. चौथीत माझी शाळा सुटली ती सुटली, तेव्हा अक्षर लागेल तसं लावून वाच.

तुला आपल्या चर्चच्या मोठ्या ऑफिसातून पत्र येईल. लांब पाकीट, कोपऱ्यात शिक्का. माझ्यावर चौकशी बसली आहे. पंचातल्या त्या चष्मेवाल्याने अर्ज केला. चौदा मार्चला तिघे साहेब येणार, चर्चमध्ये टेबल मांडणार आणि मला समोर उभं करणार. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, पाळकसाहेब नसताना ही सुईण दर रविवारी पुढे उभी राहून उपासना कोणाला विचारून चालवते. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. दुसरी गोष्ट भिंतीच्या आतल्या तेवीस पोरांची.

तुला सगळं माहीत आहे, पण विसरल्यासारखं करशील म्हणून लिहिते. बाळ जायला टेकलं आणि पाळक हाताशी नसला, तर सुईणीने दिलेला बाप्तिस्मा चालतो. बाईमाणसाला चर्चमध्ये एवढा एकच हक्क, तोही मरणाच्या घाईमुळे. पण बाळात श्वास पाहिजे. मेलेल्याला घातलं तर ते नुसतं पाणी. म्हणून आपल्याकडे आरसा. पाणी आधी, आरसा नंतर, कारण थांबायला वेळ नसतो. नाकाशी आरसा धरायचा, वाफ आली की दारात उभ्या साक्षीदाराला दाखवायची, म्हणजे पाणी घातलं तेव्हा जीव होता हे ठरलं. वाफ दिसली तर बाळ कबरस्तानात, भिंतीच्या आत, नावाची फळी लावून. नाही दिसली तर भिंतीबाहेर, उतारावर, जिथे खाणीचा चुरा ओततात.

तू सात वर्षांची असल्यापासून माझी पिशवी धरून यायचीस. एकदा परत येताना वाटेत विचारलंस, "आई, तू आरशावर हाऽ का करतेस?" मी म्हटलं, पुसायला. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. चार वर्षांची होईपर्यंत बोलली नाहीस म्हणून तुला मुकी नाव पडलं, पण तुझे डोळे कधी मुके नव्हते.

तर साहेबांनी विचारलं की म्हणायचं, मी लहान होते, मला आठवत नाही. एवढंच. वर एक शब्द नको.

तू बोललीस तर तेवीस खड्डे उकरतील. मी फावड्याला विचारलं, तुला सांगितलं तर उकरशील का. कबरी खोदण्यात जन्म गेला त्याचा. म्हणाला, "सांगितलं तर उकरीन, पण आधी मला शुद्धीवर राहू देऊ नका." विनोद करत होता.

पत्र वाचून जाळ.

आई


गुरुवार, १९ फेब्रुवारी

मुके,

उत्तर नाही. मला वाटलंच होतं.

मी पुढे उभी कशी राहिले ते तुला कोणी मीठमसाला लावून सांगण्याआधी मीच सांगते. पाळकसाहेब छातीच्या दुखण्याने गेले, दोन आठवड्यांत येतो म्हणून. या महिन्यात दोन वर्षं झाली. पाळकीणबाई पण गेल्या त्यांच्याबरोबर. ऑफिसने कळवलं, दुसरा पाठवतो. खाण अर्धी बंद, निम्म्या घरांना कुलपं, इथे कोण येतंय.

मग खाणीत कडा सुटला आणि सुरुंगवाला गेला. त्याची आठवण असेल तुला, एक भुवई जळलेला. तीन दिवस त्याला घरात ठेवला. चौथ्या दिवशी ठेवणं शक्य नव्हतं. सगळे पुरुष कबरस्तानात टोप्या हातात घेऊन उभे आणि एकमेकांकडे बघतायत. चष्मेवाल्याने पुस्तक उघडलं. तो वाचतो, पण असं वाचतो की जणू बिलावर काय लिहिलंय ते सांगतोय. दोन ओळींत त्याचा आवाज गेला आणि खड्ड्याशी सुरुंगवाल्याची बायको नुसती डोलत उभी. मी तिच्या तीन पोरांची सुईण. मी पुढे झाले आणि म्हटलं. तीस वर्षं मी त्याच शब्दांना मागे उभी राहत आले, कुणीतरी रडणारी बाई कवेत धरून. मला ते पाठ करावे लागले नाहीत.

पुढच्या रविवारी अकरा बायका माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मी म्हटलं, इथे काय, चर्चला काय धाड भरलीय? फावड्याकडून किल्ली आणली. पुरुष बाहेर विड्या ओढत उभे राहिले. तिसऱ्या रविवारी वारा असा सुटला की ते पण आत आले. वाऱ्याने आले असं त्यांनी आजपर्यंत सांगितलं आहे, सांगू दे.

मी उपदेश करत नाही. मला येत नाही. आठवड्यात कुणाच्या घरात काय झालं ते मी सांगते आणि देवाला विचारते की आता पुढे काय. शास्त्र शाळेतली मास्तरीण वाचते. मी लावत बसले तर संध्याकाळ होईल. मरणाला टेकलेल्या एका म्हाताऱ्याने प्रभुभोजन मागितलं, तेही मी दिलं. माझ्याच हाताने पाव मोडला. म्हातारा म्हणाला, "तुझा हात गरम आहे, पाळकाचा थंड असायचा." हे मी कुठे बोलले नव्हते.

चष्मेवाला एका रविवारी उभा राहून म्हणाला, "शास्त्रात बाईला मंडळीत गप्प बसायला सांगितलंय."

मी म्हटलं, "मग तुमच्या घरापासून सुरू करा, आम्ही बघून शिकू."

सगळं चर्च हसलं. सगळ्यात मोठ्याने त्याची बायको. ते त्याला लागलं.

पण अर्ज त्याने त्यावर केला नाही, चूक माझी आहे. मास्तरणीने एकदा शास्त्रातल्या त्या दोन सुइणींचं वाचलं, राजाने पोरगे मारा म्हणून हुकूम दिला आणि त्या राजाच्या तोंडावर खोटं बोलल्या. म्हणाल्या, आम्ही पोचायच्या आत बायका बाळंत होतात, आम्ही काय करणार. मी ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी पुढे उभी राहून म्हटलं, "बघा, त्या खोटं बोलल्या आणि देवाने त्यांची घरं वसवली." दोनदा म्हटलं. आवाज चढला असेल. खाली बसता बसता माझं लक्ष गेलं, चष्मेवाला माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीतून भिंतीच्या आतल्या छोट्या फळ्यांकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मोजत होता मेला.

इतकी वर्षं तोंड मिटून काढली आणि मंडळीने पुढे उभं केल्यावर माझंच तोंड सुटलं. असो.

चौदा मार्च लक्षात ठेव. लहान होते, आठवत नाही.

आई


रविवार, १ मार्च

मुके,

तुझं कार्ड आलं. नाव नाही, कशी आहेस नाही, सरळ एक ओळ. "त्या दिवशी आरशावर काही आलं होतं का?"

नाही.

मी तेव्हा सांगितलं होतं आणि तेच आता सांगते. पाळकीणबाई दारात साक्षीला होत्या. मी आरसा फिरवून दाखवला, कोरा होता. मी म्हटलं, श्वास नाही. पुन्हा विचारू नकोस.

तुझा राग कशावर आहे ते मला माहीत आहे. बाकीच्यांच्या आरशावर वाफ आणणारी आई स्वतःच्या नातीच्या वेळी तोंड मिटून का बसली, हाच ना? ते सांगते. ते सांगायला मी घाबरत नाही.

तेव्हा भिंतीच्या आत एकोणीस होती. तुझे दिवस भरत आले त्याच महिन्यात पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतलं. खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मला कळलं. म्हणाले, "बाई, तुमच्या हातची बाळं फार श्वास घेतात." हसत म्हणाले. मी पण हसले. म्हटलं, "पाळकसाहेब, खाणीची हवा आहे, पोरं हावरट निघतात." त्यांनी चहा पाजला आणि जाताना म्हणाले, "यापुढे साक्षीला आमच्या घरचं माणूस राहील."

मग तुझी वेळ आली. तीन तास मुलगी अडलेली, आणि बाहेर आली ती निळी. तुझा नवरा बाहेर, पाळकीणबाई दारात. मला एवढंच सुचलं की सगळं गाव बघतंय. स्वतःच्या नातीला जिने श्वास दिला नाही ती दुसऱ्यांच्या पोरांना कशाला देईल, असं एकदा ठरलं की एकोणीस जणं कायमची सुटली. तसंच झालं. पाळकसाहेबांनी त्यानंतर मला कधी खुर्ची दिली नाही. पुढची चार पोरं त्याच एका दिवसाच्या जोरावर आत गेली.

हे मी एकोणीस आयांसाठी केलं. तुझ्या एकटीच्या अंगावर केलं, हे कबूल आहे. तू चाळीस दिवसांनी बोचकं बांधून निघालीस, मी अडवलं नाही. तुझ्या नवऱ्याने पुढे दुसरं घर केलं, त्यालाही मी बोलले नाही. तुझे बाबा गेले तेव्हा तुला मावशीकरवी निरोप धाडला होता, तू आली नाहीस, तेही मी गिळलं.

बाबांचं तुला ठाऊक नसेल. ती भिंत त्यांनीच बांधलेली. तू गेलीस त्या वर्षी डागडुजी काढली त्यांनी, कोणी सांगितली नसताना. बाहेरच्या अंगाला, वरच्या थरात एक पांढरा दगड बसवला. बाकी सगळे काळे. मला म्हणाले, "काळा दगड संपला." खाणीच्या गावात काळा दगड संपला. मी विचारलं नाही. पण चुऱ्याचे ढीग कितीही सरकले तरी ती कुठे आहे ते आम्हा दोघांना सापडायचं.

आता झालं ना उत्तर.

आई


बुधवार, ११ मार्च

मुके,

हे पत्र चौदाच्या आत तुला पोचणार नाही. मुद्दाम उशीर केला असं म्हण, मी नाही म्हणणार नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते टाकून आले आणि तेव्हापासून अन्न खाली उतरत नाही. माझी दाढ दुखते म्हणून लोक समजतात. तोंडात लवंग आहे, ती तर कायमचीच, दाढेचं निमित्त बरं पडतं.

त्या दिवशी असं झालं. पाणी मी घातलं. तू बघितलं नसशील, तुझे डोळे मिटलेले होते. असं निळं बाळ हातात आलं की पाणी घालायचं हे माझ्या हाताला माझ्याआधी कळतं. नावही घेतलं. तू योजलं होतंस तेच, जे तू फक्त मला सांगितलं होतंस आणि नवऱ्यालाही नव्हतं सांगितलं. मग आरसा काढला. मनात पक्कं केलं होतं की आज हाऽ करायचं नाही. दारात पाळकीणबाई. मी तोंड मिटलं, लवंग दाताखाली धरली आणि श्वास कोंडून आरसा तिच्या नाकाशी नेला.

आरशावर वाफ आली.

थोडी. तांदळाच्या दाण्याएवढी, मग गेली, मग पुन्हा एकदा, आधीपेक्षा कमी.

मला ओळखू आली नाही. हे तुला कसं सांगू. एकोणीस वेळा मी तिथे माझीच वाफ बघितली होती. आरशावर वाफ दिसली की ती माझी, हे माझ्या डोक्यात इतकं बसलं होतं, की मला वाटलं, माझंच तोंड सुटलं. सवयीने. मी स्वतःवर चिडले. म्हटलं, आज एक दिवस तुला राहवलं नाही का गं? आरसा फडक्याने पुसला. मग पाळकीणबाईंकडे फिरवला. आणि बोलले.

इतकी वर्षं मी त्या आरशाला खोटं बोलायला लावलं. तो एकदा खरं बोलला तर मी त्याला पुसून टाकलं.

कळलं ते कधी, तर तिला गुंडाळताना. माझी छाती भरून आली होती, दुखत होती, तेव्हा ध्यानात आलं की मी अजून श्वास सोडलाच नव्हता. मग ती वाफ कुणाची? मी पुन्हा आरसा धरला. दोनदा, तीनदा. तोपर्यंत काही नव्हतं. पाळकीणबाई म्हणाल्या, "सोडा आता, स्वतःला त्रास करून घेऊ नका." त्यांना वाटलं मी आजी म्हणून करतेय.

मी वळून सांगू शकले असते, माझी चूक झाली म्हणून. पण मग एकोणिसांचं काय, हा विचार आला. आधी तो आला, हे मी लपवत नाही. आणि तू खाटेवरून माझ्याकडे बघत होतीस. डोळे उघडले होतेस. आरशाकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मी हाऽ करीन म्हणून वाट बघत होतीस.

ती वाचली नसती, हे मी तीस वर्षांच्या कामावर सांगते. पण तेवढे दोन श्वास ती इथे होती, आणि तू तिला हातात घेऊ शकली असतीस. मी तिला टॉवेलात बांधून बाहेर दिली.

आता तुला विश्वास ठेवायचा की नाही ते बघ. मी आरशाची खोटारडी, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. म्हणशील, म्हातारी आता जवळ ओढायला गोष्ट रचतेय. मला ते खरं करून दाखवता येणार नाही. वाफ ठेवता येत नाही.

तीन दिवसांवर चौकशी आहे. काय बोलायचं ते माझं ठरलेलं होतं. आता ठरलेलं नाही.

आई


रविवार, १५ मार्च

मुके,

झालं काल.

टेबल मधोमध मांडलं होतं, तिघे मागे. एक म्हातारा, झोपाळू. एक सारखं लिहिणारा. एक मधला, तो बोलायचा. सभ्य माणूस, मला अहो-जाहो करत होता. मंडळी सगळी बाकांवर. मी उभी. मी जिथे दर रविवारी उभी राहते तिथेच त्यांनी मला उभं केलं, तेवढं बरं वाटलं.

पहिल्या गोष्टीला फार वेळ गेला नाही. मधल्याने विचारलं, "आपल्याला मंडळीपुढे उभं राहण्याचा अधिकार कोणी दिला?"

मी म्हटलं, "तुम्ही."

"आम्ही?"

"दोन वर्षं कोणाला पाठवलं नाहीत. अधिकार इथे रिकामा पडला होता. मी उचलला. घेऊन जा हवा तर."

मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. झोपाळू म्हातारा जागा झाला आणि मला म्हणाला, "बसा बाई, पाय दुखत असतील." मी बसले नाही.

मग तेवीस. मधल्याने एकेक नाव वाचलं. मी प्रत्येकाला "श्वास होता" म्हटलं. तेवीस वेळा. प्रत्येक नावाला कुठल्या तरी बाकावर एखादी बाई हलायची. मला त्यांच्याकडे बघवलं नाही, मी त्या लिहिणाऱ्याच्या पेनाकडे बघत राहिले.

मग त्याने एक पाकीट काढलं. म्हणाला, आपल्या मुलीचं उत्तर आलं आहे. वाचून दाखवलं. "मी लहान होते. मला आठवत नाही. माझी आई खोटं बोलत नाही."

पहिली दोन वाक्यं मी तुला सांगितलेली. तिसरं मी सांगितलं नव्हतं. ते कार्डाच्या आधी पाठवलंस की नंतर, हे मला कळलं नाही. माझं शेवटचं पत्र तर तुला मिळालेलंच नसणार.

मुके, काम झालं होतं. चष्मेवाला खाली बघत होता. लिहिणाऱ्याने कागद गोळा करायला घेतले होते. मधला नुसतं विचारायचं म्हणून शेवटचं म्हणाला, "म्हणजे आपण श्वासाबाबत कधीही खोटी साक्ष दिलेली नाही?"

नाही म्हटलं असतं तर मी घरी जाऊन जेवले असते.

मी म्हटलं, "दिली. एकदा."

पेन थांबलं.

"एका बाळाला श्वास होता आणि मी नाही म्हणून सांगितलं. पाणी घातलं होतं, नाव घेतलं होतं, वाफ आली होती. मी पुसली. ते भिंतीबाहेर गेलं."

"कोणाचं बाळ?"

"ज्या मुलीचं पत्र आत्ता वाचलंत, तिचं."

मी हे हुशारीने केलं असं लोक म्हणतील, कारण यात तेवीस सुटले. जी बाई असलं कबूल करते ती बाकी सगळं खरंच सांगत असणार, असं त्या तिघांच्या चेहऱ्यावर दिसलं मला. पण मी उभी होते तेव्हा ते डोक्यात नव्हतं. तुझं तिसरं वाक्य होतं.

निकाल तासाभरात दिला. तेवीस जिथे आहेत तिथेच राहतील. तुझी मुलगी आत जाईल. आणि मी, जिवंत बाप्तिस्मा झालेल्या बाळाला नाकारलं म्हणून, मंडळीतून बाहेर. पुढे उभं राहायचं नाही, बाळंतपण करायचं नाही, प्रभुभोजन नाही, कबरस्तानाच्या फाटकातून आत पाय नाही. जिवंतपणी नाही आणि नंतरही नाही. मधल्याने हे वाचताना माझ्याकडे बघितलं नाही. सभ्य माणूस होता, म्हटलं ना.

बायका उठून गेल्या. सुरुंगवाल्याची बायको माझ्या बाजूने गेली, सांडलेलं खरकटं चुकवतात तशी. एक जण दुसरीला म्हणत होती, "स्वतःच्या रक्ताची, आणि श्वास घेत होती." ज्यांच्यासाठी मी केलं त्यांनाच मी आता राक्षसीण वाटते. त्यांचं बरोबर आहे. त्यांना जेवढं माहीत आहे त्यात मी राक्षसीणच.

आई


शनिवार, २१ मार्च

मुके,

हे शेवटचं कामाचं पत्र.

नवा पाळक येऊन गेला. तरुण आहे, बूट चकचकीत. शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी नऊ वाजता तिला हलवायचं ठरलं. फावड्या खोदणार आहे, शुद्धीवर. जागा कुठली ते त्याला आठवत नव्हतं, नऊ वर्षांत चुरा पुरुषभर चढलाय. मी पांढरा दगड दाखवला. तो दगडावरून हात फिरवून म्हणाला, "गवंड्याने कधी बोलून दाखवलं नाही." मी म्हटलं, आमच्या घरात कोणीच दाखवत नाही.

रजिस्टरात तिचं पान उघडलं आहे. नाव काय म्हणून पाळकाने विचारलं. मी सांगितलं नाही. म्हटलं, तिची आई येऊन स्वतःच्या हाताने लिहील, नाही आली तर कोरं राहू द्या. तो कुरकुरला, पण जागा सोडली.

काल हातोडी आली होती. खडी फोडणारी, आवाज तसाच. तेविसातलं पहिलं पोर तिचं. चौकशीनंतर माझ्या दाराशी कोणी आलं नव्हतं, मी म्हटलं, तू पण काही सुनवायला आलीस का? ती ओट्यावर बसली. पायाची माती काढायला लागली. मग म्हणाली, "माझ्या पोराचा आरसा तू मला हातात दिला होतास. हट्ट केला होता मी, आठवतं?"

मी म्हटलं, आठवतं.

"त्याला लवंगेचा वास होता."

मी तोंडातली लवंग जिभेखाली सरकवली.

"एक दिवसाच्या पोराच्या तोंडाला लवंग कुठली?" ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं मी फळीशी जाऊन बसते. मला काय ते माहीत आहे आणि तरी बसते. बाकीच्यांना माहीत आहे की नाही, ते मला विचारू नकोस, आणि तू त्यांना विचारू नकोस."

मग उठली. जाताना म्हणाली, तिच्या सुनेला सातवा चालू आहे, आणि दवाखाना तीन तासांवर. मी म्हटलं, मला बंदी आहे. ती म्हणाली, "मी कुठे काही विचारलं? मी सुनेला किती महिने झाले ते सांगितलं." आणि गेली.

सुनेचं बघेन पुढे. आरसा मात्र मी आता नेणार नाही. काल तो दगडावर घेऊन फोडला, तुकडे चुऱ्यात पुरले.

तू यावंस असं मी म्हणत नाही. तू काम करतेस त्या धुलाईघरातून सुट्टी मिळते की नाही मला माहीत नाही. आलीस तर सरळ फाटकातून आत जा, माझ्यासाठी थांबू नकोस. मावशी असेल, मास्तरीण वाचेल. मला आत यायचं नाही, तेव्हा मी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असेन, उतारावर. तिथून मास्तरणीचं वाचणं ऐकू येतं, मी बघून ठेवलंय. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. नाव लिहिताना मात्र एकदा मोठ्याने म्हण, भिंतीपलीकडे पोचेल एवढं. मी ते एकदाच उच्चारलं आहे, तेही ओठातल्या ओठात.

तिला हलवल्यावर पांढऱ्या दगडाखालचा तो खड्डा फावड्या बुजवणार होता. मी म्हटलं, पूर्ण बुजवू नकोस, माती सैल ठेव. मापाला लहान आहे, पण लांबी वाढवता येईल. मी ऑफिसला तसं लिहून विचारलं, आणि त्यांनी लगेच हो म्हणून कळवलं. ती जागा आता माझी आहे.

आई